मदत हवी आहे: रॉस समुद्राच्या सेस्मिक लाईनवर अनकन्फॉर्मिटी (झिजेमुळे थरांत पडलेला खंड) नेमकी कुठे धरायची?

मंडळी, अंटार्क्टिकाच्या रॉस समुद्रातल्या ईस्टर्न बेसिनची एक जुनी सेस्मिक लाईन (ध्वनिलहरींच्या प्रतिध्वनींवरून काढलेला तळाखालच्या थरांचा छेद) वाचतोय आणि दोन दिवस एकाच जागी अडकलोय. समुद्रतळ 0.67 सेकंदाला (लहर जाऊन परत यायचा वेळ) दिसतो, म्हणजे पाणी साधारण 500 मीटर, आणि बरोबर दुपटीला, 1.34 ला, एक ठळक रिफ्लेक्टर (प्रतिध्वनी देणारी रेघ) आहे, तो तळाचाच मल्टिपल, म्हणजे दुसऱ्यांदा उमटलेला प्रतिध्वनी, हे कळतंय, पण त्याच्या जरा खाली तिरके थर सपाट कापल्यासारखे दिसतात, तिथे आरएसयू 6 (रॉस सी अनकन्फॉर्मिटी 6) धरू का? ही झीज बर्फाने खरवडल्याची की रिफ्टिंगमधल्या (भूकवच ताणलं जातानाच्या) उचलीची, हे कशावरून ओळखता? खालचे थर फॉल्टने तुटलेत, वरचे अजिबात नाहीत. शिवाय 1973 च्या डीएसडीपी (डीप सी ड्रिलिंग प्रोजेक्ट) 270 विहिरीशी टाय करताना, म्हणजे तिथल्या थरांच्या खोलीशी लाईनवरचे सेकंद जुळवताना, थरांतला ध्वनीचा वेग कुठला घ्यायचा? कुणी केलं असेल तर प्लीज सांगा.