‘टाकू नका, गरजूंना द्या’ म्हणणाऱ्यांसाठी

होटगीरोडवाला
काल इथं कुणीतरी टाकलंय : ‘सिद्धेश्वराच्या गड्डा जत्रेआधी घर आवरताना काहीही फेकू नका, सगळं गरजूंना द्या, तुमचा कचरा म्हणजे कुणाचं तरी सोनं.’ खाली हात जोडलेल्यांची रांग. माझं डोकं उठलं.

वर्षभर आमच्या सोसायटीच्या मागच्या खोलीत मी हे ‘सोनं’ गोळा करतोय. आलं काय? शिट्टी नसलेला कुकर. डाव्या पायाचा एक बूट. तीन डबा टीव्ही. पात्याविना मिक्सरचं भांडं. ओल आलेली फोमची गादी, आणि ती आणणारा वर म्हणतो, फोटो काढा की! कुकर मी एका ताईंना दिला. दुसऱ्या दिवशी परत घेऊन आल्या. म्हणाल्या, दादा, रबर आणि शिट्टीला पैसे असते तर इथं कशाला आले असते? मान वर करता येईना.

चालतं, धुतलेलं, पुरतं असेल तर द्या. नाहीतर भंगारवाल्याला घाला. त्यालाही पोट आहे.

विडीघरकुलची_अक्का
मालक, तुमचा राग कळला, पण मोडकं आम्हाला नको हे तुम्ही कोण ठरवणार? आमच्या घरातलं निम्मं सामान असंच आलंय. सासऱ्यांनी पाय मोडलेली लोखंडी खाट आणली, वेल्डिंग मारून घेतलं, वीस वर्षं झोपलो त्यावर. फाटक्या साड्यांच्या वाकळा शिवल्या, लेकरं त्यातच वाढली. ‘कुकर आहे, शिट्टी नाही, चालंल का?’ एवढं आधी विचारायला काय जातंय? न विचारता हातात दिला, म्हणून ती बाई खजील झाली.

आणि बॅरल कुणी लिहिलाच नाही! नळाला चार-पाच दिवसांआड पाणी. आमच्या गल्लीत कुणी बॅरल बाहेर ठेवला तर चहा होईस्तोवर जागेवर नसतो. फक्त कारखान्यातला केमिकलचा देऊ नका ओ. किती घासला तरी वास जात नाही, आणि तेच पाणी लेकरं पितात.

सातरस्ता_निवृत्त
दोघांचंही थोडं थोडं बरोबर. कापसाची गादी असेल तर पिंजून पुन्हा भरता येते, फोमला पिंजारी हात लावत नाही. डबा टीव्ही मात्र कुणाच्या गळ्यात मारू नका. पडद्याच्या नळीच्या काचेत शिसं असतं. तांब्यासाठी ती फोडतात आणि काच नाल्यात जाते. ई-कचरा घेणाऱ्यांकडंच द्यावा.

मी स्वतः मागच्या थंडीत दोन जुन्या सोलापुरी चादरी स्टेशनबाहेर देऊन आलो. चांगल्या उबदार होत्या.

चाटीगल्लीकर
थांबा काका. खरी सोलापुरी चादर उबदार असताना कुणी देतं होय? आमच्यात ती आधी अंगावर, मग अंथरायला, मग इस्त्रीच्या टेबलावर, शेवटी गाडी पुसायला. तोवर माणूस म्हातारा होतो. उलटी करून बघितली होती का? नक्षी दोन्ही बाजूंनी विणलेली, रंग तेवढे उलटे, तर आपली. छापील असेल तर कुठली ते मी सांगत नाही.

सातरस्ता_निवृत्त
मी सोलापुरात जन्मलो. मला चादर शिकवू नका.

मागवाला
शिकवायलाच पाहिजे काका. आमच्या वडिलांचे चार माग चादरीचे होते. चादरीला जीआय मानांकन, म्हणजे ‘ही सोलापूरचीच’ असा सरकारी शिक्का मिळाला, टाळ्या वाजल्या, आणि लोकांनी बाजारात पानिपतचा माल घेतला, कारण स्वस्त. शेवटी आम्हीही टॉवेलवर गेलो. जुनी चादर देऊन पुण्य मिळवण्यापेक्षा एक नवी विकत घेऊन दिली असती, तर एका कामगाराच्या घरी चूल पेटली असती.

विडीघरकुलची_अक्का
म्हणजे आता दान करायलाही नवं घ्यायचं? मग जुन्याचं लोणचं घालू का?

मागवाला
तुम्ही खाट फुकट घेतली म्हणून खाट बनवणारा बसला, हे कोण बोलणार?

विडीघरकुलची_अक्का
विड्या वळून दिवसाला काय मिळतं ते आधी विचारा, मग खाट बनवणाऱ्याचं सांगा. नवी घ्यायची ऐपत असती तर मोडकी कुणी उचलली असती? तोंडाला येईल ते लिहू नका.

चाटीगल्लीकर
काकांनी अजून सांगितलं नाही, नक्षी दोन्ही बाजूंनी होती का.

सातरस्ता_निवृत्त
एकाच बाजूनं होती. झालं समाधान? थंडी वाजणाऱ्यानं उलटी करून बघितली नाही.

होटगीरोडवाला
अहो, मी कुकरबद्दल लिहिलं होतं! तीन टीव्ही माझ्याकडं पडलेत, बूट पडलाय, आणि तुम्ही चादरीची दुसरी बाजू तपासताय.

असो. अक्का, आधी विचारायला हवं होतं, मान्य. दारावर कागद चिकटवला : ‘काय बिघडलंय ते लिहून द्या.’ सकाळपासून एकानंही सामान आणलं नाही, म्हणजे काय ते समजा. पण त्या एका बुटाचं कुणाला विचारू, तेवढं सांगा.

विडीघरकुलची_अक्का
त्यात तुळस लावा. कुकर आहे का अजून? माझ्याकडं एक शिट्टी नुसती पडून आहे.

होटगीरोडवाला
आहे की! आतल्या झाकणाचा, पाच लिटर.

विडीघरकुलची_अक्का
आतल्या झाकणाचा? मग नाही बसायची.