मदत हवी आहे: ओश ते दुशान्बे, पामीर हायवे आणि वाखान (चौघे जण, एकाला बीपी, एक पक्की शाकाहारी)

नमस्कार मंडळी,

पुढच्या जुलैअखेरीस ताजिकिस्तानातल्या पामीर हायवेला जायचं घाटतंय. आम्ही चौघं: मी, नवरा, माझी धाकटी बहीण आणि तिचे यजमान. सगळे पन्नाशी ओलांडलेले. पावसाळ्यात सह्याद्रीत नियमित चालतो, लडाख-स्पिती करून झालंय. स्वतः गाडी चालवायची हौस नाही. ड्रायव्हरसकट फोर बाय फोर घ्यायची आणि मध्ये एखादा सोपा ट्रेक, एवढंच. सुट्टी अडीच आठवड्यांच्या आसपास जमेल.

सुरुवात किर्गिझस्तानातल्या ओशहून धरली आहे, कारण भाची तिथे एमबीबीएस करते. तिला भेटायचं, भाजणी-मेतकुटाचं ओझं तिच्याकडे उतरवायचं आणि पुढे निघायचं. म्हणजे दिल्ली-ताश्कंद विमान, तिथून रेल्वेने अंदिजान, उझबेकिस्तान-किर्गिझस्तान सीमेवरचं दोस्तुकचं नाकं पायी ओलांडून ओश. मग सारी-ताश, काराकुल, मुर्गाब, आलिचुर, खारगुश खिंडीतून वाखान (अफगाण सीमेलगतचं खोरं), इश्काशिम, खोरोग आणि शेवटी ताजिक राजधानी दुशान्बे. नकाशावर फार सुरेख दिसतं. पण काही ठिकाणी गाडं अडलंय.

सगळ्यात मोठी काळजी उंचीची. ओश हजार मीटरच्या आत आहे. सारी-ताश ३,१७० च्या आसपास, काराकुल तळं ३,९०० वर आणि त्यापुढे अक-बैताल खिंड ४,६५५. मुर्गाबला उतरलं तरी ३,६०० आहेच. लेहला विमानाने उतरलो तेव्हा नवऱ्याचं डोकं दोन दिवस ठणकत होतं, आणि तेव्हा बीपीची गोळी सुरू नव्हती. आता आहे. लेहला निदान मोठं हॉस्पिटल जवळ होतं. काराकुलला रात्री काही झालं तर काय करायचं?

दुसरं, सीमा. किर्गिझस्तान आणि ताजिकिस्तानमधली सीमा मे २०२१ मध्ये बंद झाली, सप्टेंबर २०२२ मध्ये पुन्हा लढाई झाली, मार्च २०२५ मध्ये दोन्ही देशांनी सीमाकरार केला आणि नाकी उघडायला लागली, इतपत वाचलंय. पण त्या बातम्या फरगाना खोऱ्याकडच्या नाक्यांच्या. आम्हाला हवी पामीर हायवेवरची, सारी-ताश आणि काराकुलच्या मधली किझिल-आर्त खिंड. तिथून हल्ली कोणी प्रत्यक्ष गेलंय का?

तिसरं, गोर्नो-बदख्शानचा (पामीर ज्या प्रांतात येतो त्याचा) वेगळा परवाना. ई-व्हिसाच्या अर्जातच खूण केली की मिळतो असं दिसतंय. इथला एक टूरवाला मात्र 'ते फार किचकट असतं, मी करून देतो' म्हणत माणशी भलतीच रक्कम सांगतोय.

आणि बहीण. मांस नाही, मासे नाहीत, अंडंही नाही. ठेपले आणि मॅगीवर किती दिवस काढणार?

घरच्यांचं वेगळंच. नवरा नकाशा उघडून बसला की सासूबाई 'अफगाणिस्तानच्या वेशीवर कशाला तडमडायला जाताय' म्हणतात. २०१८ साली ताजिकिस्तानातल्या दंघारा भागात परदेशी सायकलस्वारांवर झालेल्या हल्ल्याची बातमी दिरांनी शोधून काढून घरच्या ग्रुपवर टाकली आहे. त्यांची समजूत मी काढीन. बाकीच्याचं सांगा.

प्रतिसाद

भाचीला शेवटी भेटा. सगळा प्रवास उलटा फिरवा, तुमची निम्मी काळजी तिथेच मिटेल.

ओशहून गेलात तर दोन दिवसांत तुम्ही हजार मीटरच्या आतून जवळजवळ चार हजारांवर झोपायला जाता. दुशान्बेहून निघालात की रस्ता आपणहून हळूहळू चढवतो. दुशान्बे साधारण आठशे मीटर, कलाई-खुम्ब बाराशेच्या आसपास, खोरोग एकवीसशे, इश्काशिम अडीच हजार, लंगर अठ्ठावीसशे ते एकोणतीसशे. त्यानंतर खारगुश (४,३४४) ओलांडून आलिचुरच्या पठारावर. तोवर शरीराला आठवडाभर मिळालेला असतो. तीन हजारांच्या वर रोज झोपायची उंची पाचशे मीटरपेक्षा जास्त वाढवू नये आणि तीन-चार दिवसांनी एक मुक्काम जास्तीचा करावा, हा नियम लंगर ते आलिचुर याच टप्प्यात मोडतो. म्हणून लंगरला दोन रात्री राहा. गावावरच्या कातळांवर कोरलेली शिकारीची आणि आयबेक्सची (रानबोकडांची) चित्रं आहेत, ती बघायला चढून गेलं की सरावही होतो.

डायमॉक्स (उंचीच्या त्रासावरची गोळी) घ्यायची की नाही हे डॉक्टरांना विचारा. ते मुळात लघवी वाढवणारं औषध आहे. बीपीच्या काही गोळ्यांतही तसलंच औषध असतं, त्यामुळे तुमच्या यजमानांची गोळी कोणती ते सोबत दाखवा. सल्फाची ॲलर्जी असेल तर तेही सांगा. आणि विम्याच्या कागदात किती उंचीपर्यंत आणि कोणत्या देशात, ते शब्द न् शब्द वाचा. पुष्कळ स्वस्त पॉलिस्या बरोबर तुमच्या उपयोगाच्या उंचीवर हात वर करतात.

दुशान्बेला पोचायचा रस्ताही छान आहे. ताश्कंदहून वेगवान रेल्वेने दोन-अडीच तासांत समरकंद, तिथून टॅक्सीने पंजाकेंतचं नाकं (ते २०१८ पासून पुन्हा चालू आहे) आणि फान डोंगरांतून, अंझोब बोगद्यातून दुशान्बे. तुमचा सोपा ट्रेक इथेच करा, सात तळ्यांकडे. पामीरच्या उंचीवर चालायचा अट्टाहास नको. परतताना ओश-दोस्तुक-अंदिजान-ताश्कंद. याचा अर्थ उझबेकिस्तानात तुम्ही दोनदा शिरणार, म्हणून तिथला व्हिसा दुहेरी प्रवेशाचा काढा. एकेरी काढून बसलात तर ओशला भाचीकडेच मुक्काम वाढेल.

परवान्यासाठी टूरवाल्याला एक रुपया देऊ नका. ई-व्हिसाच्या अर्जात खूण करायची, थोडे जास्त डॉलर भरायचे, व्हिसावरच नोंद येते. त्याच्या चार-पाच प्रती छापून जवळ ठेवा. वाटेतल्या चौक्यांवर शिपाई वहीत हाताने नावं उतरवून घेतात, तेव्हा मोबाइलचा स्क्रीन दाखवत बसण्यापेक्षा कागद पुढे केलेला बरा.

गाडीसाठी खोरोगच्या पेक्टा किंवा मुर्गाबच्या मेटा या पर्यटन संघटनांना आधी लिहून ठेवा. भाडं किलोमीटरवर ठरतं. ड्रायव्हरचं जेवण-मुक्काम आणि गाडी रिकामी परत नेण्याचा खर्च त्यात धरलाय का, हे आधी बोलून घ्या. भांडणं तिथेच होतात. डॉलर नवे आणि कोरे न्या. घडी पडलेली नोट कोणी घेत नाही. खोरोगनंतर एटीएमच्या भरवशावर राहायचं नाही.

किझिल-आर्तबद्दल: खिंडीवर ताजिक चौकी आणि खाली बोर-दोबोला किर्गिझ चौकी, मध्ये वीसेक किलोमीटर कोणाचीच नसलेली जमीन. ताजिक गाडी पलीकडे जाणार की तुम्हाला मध्येच गाडी बदलावी लागणार, हे ठरवूनच निघा. तिथे रिक्षा उभी नसते. किर्गिझ ई-व्हिसा ठरावीक नाक्यांवरच चालतो, त्या यादीत किझिल-आर्त आहे का ते पैसे भरण्याआधी बघा. आणि निघण्याच्या आदल्या आठवड्यात ओशच्या एखाद्या गेस्टहाउसला विचारा. इथे कोणी 'चालू आहे' म्हणालं तरी ते त्या दिवसापुरतं.

प्रतिसाद

वरच्या सगळ्याला दुजोरा. फक्त खाण्याचं सांगते, मीही अंडं न खाणारी.

ताजिकिस्तानात कुरुतोब मागायचं. पराठ्यासारख्या पदर सुटलेल्या रोटीचे तुकडे, वर कुरुत (वाळवलेल्या दह्याचे गोळे) विरघळवलेलं आंबट पाणी, कांदा, टोमॅटो, कोथिंबीर, सढळ तेल. लाकडी परातीत येतं, सगळ्यांनी हाताने खायचं. मांस घालू नका हे आधी बजावायचं. पामीरमध्ये सकाळी शिरचाय मिळतो: दुधाचा खारट चहा, वर लोण्याचा गोळा, त्यात नान कुस्करायचा. पहिल्या दिवशी बहिणीचं तोंड वाकडं होईल, तिसऱ्या दिवशी ती वाडगा पुढे करील. मुर्गाबच्या पुढे मात्र भाजी म्हणजे बटाटा आणि गाजर. तिथे मेतकूट कामाला येईल, सगळं भाचीला देऊन टाकू नका. रशियनमध्ये 'ब्येझ म्यासा' एवढं पाठ करा, आणि रश्शात मटणाचं पाणी आहे का हे वेगळं विचारा. त्यांच्या हिशेबात तुकडे काढले की मांस नाही.

वाखानमध्ये यामचुनच्या किल्ल्याच्या वरच्या अंगाचं बीबी फातिमाचं गरम पाण्याचं कुंड चुकवू नका. बायका आणि पुरुष आळीपाळीने आत जातात, अंगावर काही न ठेवता. आधी संकोच वाटतो. आत गेल्यावर तिथल्या बायका तुमच्या गुडघ्यांची चौकशी करायला लागतात.

अफगाण सीमेवरच्या पंज नदीकाठी मात्र कुठेही गाडी थांबवून पाण्यात उतरू नका. सीमेच्या पट्ट्यात जुने भूसुरुंग आहेत. रस्ता आणि मळलेली वाट सोडायची नाही.

प्रतिसाद

एवढा खटाटोप करण्यापेक्षा झंस्कार करा की. डोंगर तेच, व्हिसा नाही, जेवायला राजमा-चावल.

धागाकर्ती

झंस्कार पुढच्या वर्षी! राजमा-चावल कुठे जात नाही.

पहिल्या प्रतिसादाबद्दल मनापासून आभार. उलटं करायचं काल रात्रीच ठरलं, नवऱ्याने वहीत नवा कच्चा आराखडाही मांडलाय. भाचीही खूश, तोवर तिची परीक्षा संपलेली असेल.

आता दोनच शंका. कलाई-खुम्ब ते खोरोग रस्त्याच्या कामामुळे दिवसातले काही तास वाहतूक अडवतात असं कळलं. सध्या तासांचं काय वेळापत्रक आहे? आणि मुर्गाबकडच्या होमस्टेमध्ये ऑगस्टच्या रात्री त्यांची गोधडी पुरते, की स्लीपिंग बॅग न्यावीच लागते? चौघांच्या चार बॅगा म्हणजे विमानात वजनाचा प्रश्न येतो, म्हणून विचारते.