कॅनव्हास प्रिंटच्या खालच्या पट्टीवर काळे डाग: छपाईची चूक की मुळातलेच?

खोर्लीचा_म्हातारा

नमस्कार मंडळी. म्हापशात राहतो, नोकरीतून निवृत्त. चित्रकलेतलं मला ओ की ठो कळत नाही, हे आधीच सांगून टाकतो.

शेजारच्या आंटीच्या आल्तारावर (घरातल्या प्रार्थनेच्या वेदीवर) एक जुनं पोस्टकार्ड असतं. लेकीने न्यूयॉर्कच्या मेट्रोपोलिटन म्युझियममधून आणलेलं. सायबीण (मदर मेरी) आणि बाळ येशू, मागे सगळं सोनेरी, आणि बाळ हात वर करून आईच्या डोक्यावरचं कापड बाजूला सारतंय. आंटीचा जीव त्या हातावर. म्हणते, नातू अस्साच पदर ओढायचा. यंदा पावसात पोस्टकार्डाला बुरशी आली. पुढच्या महिन्यात तिच्याकडे सायबीण (मेरीची घरोघर फिरणारी मूर्ती) यायची आहे, लादीन (घरी म्हणायची प्रार्थना) आहे, म्हणून म्हटलं आपण मोठं करून देऊ. चाळीस वर्षं तिच्या घरची दोदोल खातोय.

लेकीने चित्राचं नाव कळवलं, दुकानदाराने म्युझियमच्या साईटवरून फाईल उतरवली (ती फुकट असते म्हणे), २४ बाय १८ इंची कॅनव्हास केला. अडीच हजार घेतले. घरी आणून कागद सोडला तर खालच्या पट्टीवर काळे डाग. कोणी उदबत्ती टेकवावी तसे. पोस्टकार्डावर हे नाहीत, भिंग घेऊन बघितलं. दुकानदार आधी म्हणाला "फाईलच तशी", मग आवाज चढवल्यावर म्हणाला "आणा, कॉम्प्युटरवर साफ करून दुसरं काढून देतो." सोनंही सोनं वाटत नाही, हळदीचं पाणी वाटतं.

शनिवारी नेऊन देऊ का परत?

चौकट_फोंडा

काका, बावीस वर्षं फ्रेमिंग करतोय. शाई सांडली किंवा प्रिंटरचं हेड घासलं तर आडव्या रेघा येतात, नाहीतर ठिपके. उदबत्ती टेकवल्यासारखा डाग मशीन करत नाही. एक सांगा, चित्राच्या चारी बाजूंनी लाकडी चौकट छापून आलीये का? आणि पोस्टकार्डावर ती चौकट आहे का?

सोन्याबद्दल दुकानदाराला शिव्या घालू नका. प्रिंटरमध्ये सोनं नसतं, पिवळ्या-तपकिरी शाईची मिळवणी असते. अशा जुन्या सोनेरी चित्रांत लाकडाच्या फळीवर पांढरा लेप, त्यावर तांबडी माती, तिच्यावर खरा वर्ख, मग घोटून चकाकी. रंग अंड्याच्या बलकातले. जुन्या गोव्याला से कॅथेड्रलची मुख्य वेदी बघा, आपण दोन पावलं सरकलो की सोनं वेगळं दिसतं. कापडावरची शाई जागची हलत नाही. कोणी वरून सोनेरी रंग मारून देतो म्हणाला तर देऊ नका, सर्कशीचा बोर्ड होतो.

खोर्लीचा_म्हातारा

आहे की चौकट! पोस्टकार्डावर नाही, तिथे नुसतं चित्र. आणि डाग चौकटीवरच आहेत, चित्रावर एकही नाही. हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं.

दोन_पावलं_मागे

काका, थांबा, परत नेऊ नका!

हे दुच्चोचं चित्र, इटलीतल्या सिएना गावचा चित्रकार. साधारण १२९० ते १३०० मधलं. मी समोर उभी राहून बघितलंय आणि पहिली प्रतिक्रिया "एवढंसं?" अशी होती. चौकटीसकट जेमतेम २८ बाय २१ सेंटिमीटर, शाळेच्या वहीएवढं. म्युझियमने २००४ मध्ये घेतलं, तेव्हा साडेचार कोटी डॉलर मोजल्याच्या बातम्या होत्या.

ते डाग जळल्याचेच आहेत. चित्र चर्चच्या उंच वेदीवरचं नव्हे, जवळून प्रार्थना करायचं. खाली मेणबत्त्या लावायचे, ज्योत चौकटीला लागायची. चौकट मुळातलीच, म्हणून डाग राहिले. पोस्टकार्ड छापणाऱ्याने चौकट कापली, तुमच्या दुकानदाराने ठेवली, एवढाच फरक. आणि तुमचा कॅनव्हास मुळापेक्षा दुपटीहून थोडा मोठा, म्हणजे डागही तेवढेच फुगले. दुकानदार पहिल्यांदा खरंच बोलला होता. कॉम्प्युटरवर साफ करून घेतलंत तर त्या चित्रापुढे कोणी बसलं होतं याची खूणच जाईल.

सासष्टीकर

सगळं खरं, पण भेट म्हणून जळकं चित्र? आमच्याकडे तडा गेलेला आरसासुद्धा कोणी देत नाही. चौकट कापून पोस्टकार्डासारखंच करून द्या, म्हातारीला तेच ओळखीचं.

चौकट_फोंडा

कापायचं तर काका ठरवतील. पण एक महत्त्वाचं राहिलं. आंटी त्याच्यापुढे मेणबत्ती लावणार, हो ना? जाड लाकूड होतं म्हणून काळं पडून भागलं. तुमच्या कॅनव्हासमध्ये बहुतेक पॉलिस्टर असणार, ते पेट घेईल नाहीतर वितळून थेंब पडतील. आल्तारापासून चांगलं वर टांगा. मागच्या खालच्या दोन्ही कोपऱ्यांना रबराच्या गुंड्या लावा, भिंतीपासून बोटभर हवा खेळली पाहिजे. मागून पुठ्ठा ठोकून बंद करू नका, आपल्या पावसात आत बुरशीची शेतीच होते. ओल्या फडक्याने पुसायचं नाही, मऊ ब्रश पुरे.

खोर्लीचा_म्हातारा

सगळ्यांचे आभार. सासष्टीकरांचं मनात घोळत होतं, म्हणून शेवटी जिची वस्तू तिलाच विचारलं. कॅनव्हास तसाच घेऊन गेलो, मेणबत्तीची गोष्ट सांगितली.

आंटीने चष्मा लावला, डागावरून बोट फिरवलं. मग मला हात धरून आल्तारापाशी नेलं आणि लाकडी खुरसाची (क्रुसाची) तळाची कड दाखवली. काळी कुळकुळीत, कोळसा झालेली. "म्हज्या मांयचें काम," म्हणाली. मांय म्हणजे तिची सासू, ती लादीन म्हणता म्हणता डुलकी काढायची आणि मेणबत्ती कलायची. चाळीस वर्षं त्या घरात जातोय, मी तो खुरीस कधी नीट बघितला नव्हता.

दुकानदाराला फोन करून चढवलेला आवाज परत घेतला. तो म्हणाला, "काका, मी तर आधीच सांगत होतो." मुकाट ऐकून घेतलं.

गुंड्या बसवल्या. मेणबत्तीवरून मात्र आमचं अजून जमलेलं नाही. मी बॅटरीवरची आणून दिली, तिने ती फ्रीजवर ठेवलीये.