इंजेक्शनांशिवाय आयव्हीएफ: हा पर्याय कुणी सांगतच का नाही?

निशिगंध: आयव्हीएफ म्हटलं की पाळीच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापासून जास्त बीजं पिकावीत म्हणून पोटात रोज सुया, हे ठरलेलंच. पण जगातली पहिली टेस्ट ट्यूब बेबी, लुईस ब्राउन (इंग्लंड, जुलै १९७८), आईच्या नेहमीच्या पाळीत आपोआप पिकलेल्या एकाच बीजातून झाली. मग आज 'नॅचरल सायकल', म्हणजे इंजेक्शनांशिवाय आयव्हीएफ, म्हटलं की डॉक्टर हसतात का? औषधांचा खप, दुसरं काय!

लॅबवाली: लुईसची गोष्ट अर्धीच सांगतात. त्या काळी हार्मोन दिल्यावर गर्भ रुजत नव्हता, म्हणून तिच्या जन्मामागची जोडी, डॉक्टर स्टेप्टो आणि शास्त्रज्ञ एडवर्ड्स, नैसर्गिक पाळीकडे वळली. आणि तिच्याआधी अपयशांची रांग होती. एकच बीज, त्यात एलएच (बीज सुटायला लावणारं हार्मोन) अवेळी वाढलं की पिकअपच्या, म्हणजे सुईने बीज काढण्याच्या, आधीच ते सुटतं. पेशंट भूल देऊन झोपवलेली, मी मायक्रोस्कोपखाली डिशमागून डिश बघतेय आणि बीज नाहीच. शुद्धीवर आल्यावर तिला काय सांगायचं? भूल, लॅब यांचं बिल काही टळत नाही. उपचार कसे करावेत हे डॉक्टरांना सांगणाऱ्या ब्रिटनच्या 'नाईस' संस्थेने २०१३ मध्ये नॅचरल सायकल देऊ नका, असंच सांगितलं होतं.

खवचट_काका: आपल्याकडे कोलकात्यात डॉ. सुभाष मुखोपाध्यायांनी लुईसच्याच वर्षी ऑक्टोबरात इंजेक्शनं देऊनच दुर्गाला, भारताच्या पहिल्या टेस्ट ट्यूब बेबीला, जन्माला घातलं. सरकारी समितीने त्यांना खोटं ठरवलं. पुढे जग त्यांच्याच वाटेने गेलं!

मृण्मयी: काका, इतिहास ठीक. माझ्या बहिणीला पीसीओएस (हार्मोन बिघडून बीजकोशात बारीक गाठी दिसतात तो त्रास). इंजेक्शनांनी बीजं ढिगाने आली, मग पोटात पाणी, धाप, चार पावलं चालवेना. ॲडमिट करावं लागलं. 'थोडं फुगेल' एवढंच सांगितलं होतं तिला.

लॅबवाली: हे वाईटच झालं. पण आता अँटॅगोनिस्ट प्रोटोकॉल (बीज अवेळी सुटू न देणारं औषध), वेगळा ट्रिगर (बीज पिकवणारं शेवटचं इंजेक्शन), गर्भ गोठवून पुढच्या पाळीत सोडणं, यांनी तो धोका बराच कमी होतो. पीसीओएसवालीला भरमसाट डोस देणं ही डॉक्टरची चूक, पद्धतीची नाही.

निशिगंध: आणि एएमएच (बीजसाठा किती उरला ते सांगणारी रक्तचाचणी) तळाला गेलेली बाई? सगळ्यात मोठा डोस देऊनही एक-दोनच बीजं येतात. तिने महागडी इंजेक्शनं का टोचून घ्यायची?

लॅबवाली: तिथे मान्य. तिच्यासाठी विचार करता येतो. पण तिशीतल्या, बीजसाठा चांगला असलेल्या मुलीला 'नैसर्गिक' म्हणून हे विकू नका. गोठवायला जादा गर्भ नाही, म्हणजे फसलं की पुन्हा पिकअप.

मृण्मयी: विकू नकाच. पण विचारलं तर हसू पण नका.