मदत हवी आहे: निकोडेमसच्या जमिनींच्या नोंदी कशा जुळवायच्या?

नमस्कार मंडळी. अमेरिकेत कॅन्ससच्या ग्रॅहम काउंटीत निकोडेमस ही छोटी वस्ती आहे. तिला नगरपालिका नाही. गुलामगिरीतून सुटलेल्या कृष्णवर्णीय कुटुंबांनी ती 1877 मध्ये वसवली. लाकूड नव्हतं, म्हणून पहिली घरं जमिनीत खोदलेली. 1888 मध्ये रेल्वे नदीपलीकडून गेली आणि दुकानं जवळच्या बोग या गावी हलली.

कोणाची जमीन कुठे होती, याचा नकाशा करायचा आहे. होमस्टेडचा (वसून कसण्याच्या अटीवर मिळणाऱ्या सरकारी जमिनीचा) दावा जास्तीत जास्त 160 एकरांचा, म्हणजे 640 एकरांच्या सेक्शनचा चतकोर. गोची अशी की मालकीचा पट्टा साधारण 5 वर्षं जमीन कसल्यावर मिळायचा. मधेच सोडून गेलेल्यांची नावं पट्ट्यांत सापडतच नाहीत, आणि नेमकी तीच माणसं मला हवी आहेत. 1890 च्या जनगणनेचे बहुतेक कागद नष्ट झालेत, त्यामुळे भिस्त 1885 च्या राज्य जनगणनेवर.

रद्द झालेल्या दाव्यांच्या फायली सेक्शन, टाउनशिप आणि रेंज (जमीन मोजणीच्या चौकटीतले क्रमांक) यांवरून मागवण्याचा अनुभव कोणाला आहे का? गावठाणातले प्लॉट होमस्टेडमध्ये येत नाहीत, त्यांची खरेदीखतं काउंटीच्या दप्तरात असतात. काउंटीचं मुख्य ठिकाण असलेल्या हिल सिटीला जाऊन ती सूची पाहू शकेल असं कोणी तिकडे राहतं का? एकच आडनाव तीन तऱ्हांनी लिहिलेलं असतं, तेव्हा आधी चतकोराचा क्रमांक जुळवा, नाव नंतर.

आणखी एक: अशा वस्तीला मराठीत काय म्हणावं? ‘वाडी’ म्हटलं की मागे ग्रामपंचायत आलीच. ‘बिनपालिका वस्ती’ चालेल?