‘अहो’ कुणी म्हणायचं?

तिरकी रेघ:
अनुवादात अडकले आहे, म्हणून हा धागा.

एका मालिकेवर चाहत्यांपैकीच एकीने लिहिलेली लांबलचक कथा मी तिची परवानगी घेऊन मराठीत आणते आहे. मोजणी पथकाचा प्रमुख आणि त्याच पथकात नकाशे काढणारा, असे दोन पुरुष. प्रमुख नऊ वर्षांनी मोठा. पहिले दहा भाग ते नुसते सहकारी आहेत. तेव्हा नकाशेवाला ‘अहो’, ‘तुम्ही’ म्हणतो, प्रमुख ‘अरे’, ‘तू’ म्हणतो. इथवर अडचण नव्हती. अकराव्या भागात दरड कोसळते, नकाशेवाल्याचा तळहात सोलवटतो आणि प्रमुख कंदिलाच्या उजेडात त्यात रुतलेले खडे एकेक करून काढत बसतो. तिथून पुढे ते जोडीदार आहेत.

इंग्रजीत या प्रसंगाआधीही ‘यू’ आणि नंतरही ‘यू’. मी ‘अहो’ तसंच पुढे चालू ठेवलं. दुसऱ्या दिवशी एका वाचकाचा निरोप आला: “छान चाललंय, पण त्याला एकदम बायको का करून टाकलंत?”

मी तो भाग पुन्हा वाचला. नकाशेवाला त्यात दोर बांधून खाली उतरतो, वरच्यांशी वाद घालतो, परतीची वाट तोच ठरवतो. त्याचं वागणं तसूभरही बदललेलं नाही. बायकोपण आलं असेल तर ते त्या दोन अक्षरांतून आलं.

मला लागलं ते वेगळंच. गेल्या वर्षी याच लेखिकेची एक स्त्री-पुरुष जोडीची कथा मी केली होती. मुळात दोघं एकमेकांना नावाने हाक मारतात. मी नायिकेच्या तोंडी सरसकट ‘अहो’ घातलं, नायकाच्या तोंडी ‘अगं’. चौदा भाग झाले, कुणी काही विचारलं नाही. मीही स्वतःला विचारलं नाही.

तर प्रश्न असा: दोन पुरुषांतलं ‘अहो’ हे मान दाखवतं की नातं? आणि ‘तू’वर यायचं असेल तर नेमकं कुठल्या वाक्याला?

जुना वाचक:
‘अहो’ला लिंग नाही. अहो काका, अहो काकू, दोन्हीकडे चालतं. लिंग आहे ते ‘अरे’ आणि ‘अगं’ला. त्यामुळे बायकोपण ‘अहो’त नाही, उलट काय येतं त्यात आहे. ‘अहो’ला ‘अहो’ मिळालं की ती दोन परकी माणसं. ‘अहो’ला ‘अगं’ मिळालं की नवरा-बायको, आणि आपल्या कानाला ही जोडी इतकी सवयीची आहे की ‘अगं’च्या जागी ‘अरे’ आलं तरी कान तोच साचा भरून घेतो. तुमच्या वाचकाचा कान चुकलेला नाही. माझं मत, अकराव्या भागानंतर दोघांनाही ‘अरे’वर आणा.

कोशवेडा:
मुळात संस्कृतात ‘अहो’ हा उद्गार आहे. आश्चर्य, खेद, कौतुक. मान त्यात कुठेच नाही, तो मराठीने चढवला. तेव्हा त्यावर इतका भार टाकू नये.

मला खटकतं ते दुसरंच. ‘फॅनफिक्शन’, ‘स्लॅश’, ‘जेंडर रोल’ असे शब्द या चर्चांमध्ये बिनदिक्कत फिरतात. तिरकी रेघ यांनी इथे ते टाळले, त्यांचे आभार. पण त्यांच्या आधीच्या प्रस्तावनेत ते होते. रसिककथा म्हणा, अनुकथा म्हणा. ‘जेंडर रोल’ला लिंगभूमिका हा सरळ शब्द आहे.

रात्रपाळी:
सरळ? “समलिंगी जोडीतील लिंगभूमिका” हे मोठ्याने वाचून बघा. ‘लिंग’ दोनदा, दोन निरनिराळ्या अर्थांनी, आणि वाचणाऱ्याच्या डोक्यात तिसराच अर्थ. म्हणून तर अभ्यासकांनी ‘लिंगभाव’ काढला. तोही बोलताना कुणाच्या तोंडात बसत नाही. मी ‘बाईपण-पुरुषपण’ म्हणते आणि समोरच्याला पहिल्या फटक्यात कळतं.

आणि ‘स्लॅश’ला हात लावू नका. ते विशेषनाम झालेलं आहे. १९७० च्या दशकात ‘स्टार ट्रेक’ या अमेरिकी मालिकेच्या चाहत्या स्वतः छापलेल्या अंकांमध्ये कर्क आणि स्पॉक या तिच्यातल्या दोन पुरुष पात्रांच्या नावांमध्ये तिरकी रेघ देत, त्या रेघेवरून हा शब्द आला. नुसत्या मैत्रीची कथा असेल तर ‘आणि’चं चिन्ह, प्रेमाची असेल तर रेघ. या जोडीची छापून आलेली पहिली कथा म्हणून जी दाखवतात, १९७४ ची, डायान मर्चंट यांची, तिच्यात दोघांची नावंसुद्धा नाहीत. इंग्रजीत ते जमतं.

आता जपानी पद्धत बघा, कारण ती मूळ प्रश्नाला भिडते. तिथे पुरुष-पुरुष कथांत ‘सेमे’ आणि ‘उके’ अशा दोन भूमिका ठरलेल्या. ‘सेमेरू’ म्हणजे हल्ला करणं, ‘उकेरू’ म्हणजे स्वीकारणं, झेलणं. युद्धकलेत ज्याच्यावर डाव टाकला जातो तोही ‘उके’च. जोडीत ज्याचं नाव आधी तो सेमे, त्यामुळे नावांची अदलाबदल केली की कथाच वेगळी होते. लिहिताना हीच दोन अक्षरं चिनी कथांमध्येही आहेत, उच्चार तेवढे वेगळे. म्हणजे कोण पुढाकार घेणार आणि कोण लाजणार हे वाचक शीर्षकातच वाचतो. तिरकी रेघ यांचं ‘अहो’ मराठी वाचकासाठी नेमकं हेच काम करून गेलं.

मी या कथा पंधरा वर्षं वाचते आहे. लिहिणाऱ्या बहुतेक बायका आणि पात्रं दोन पुरुष, असं का, हे मला घरात, मैत्रिणींत खूपदा विचारलं गेलं. माझं उत्तर बदललेलं नाही: दोघंही पुरुष असले की चहा कोण करणार, माफी आधी कोण मागणार, नोकरी कोण सोडणार, हे आधी ठरलेलं नसतं. ते कथेत ठरावं लागतं. पॅट्रिशिया फ्रेझर लॅम्ब आणि डायना व्हीथ यांनी १९८६ च्या लेखात कर्क-स्पॉक कथांबद्दल हेच मांडलं होतं, की बायकी आणि पुरुषी समजले जाणारे गुण दोघांत असे मिसळून वाटलेले असतात की नवरा कोण, बायको कोण हे सांगता येत नाही. सगळ्या कथा तशा नसतात. कित्येक कथांत एकाला बारीक अंगाचा, हळवा, सारखा आजारी पडणारा करून जुनाच संसार नव्या नावांनी मांडलेला असतो. तसली कथा मी पुरी करत नाही.

कोशवेडा:
माहितीबद्दल आभार, पण ‘बाईपण’ ही पारिभाषिक संज्ञा होऊ शकत नाही. उद्या प्रबंधात काय लिहाल?

रात्रपाळी:
प्रबंधात ‘लिंगभाव’ लिहा. इथे कथा चालली आहे.

शब्दकण:
थोडं वेगळं, पण जवळचं. मी एकदा प्रथमपुरुषी कथा मराठीत करायला घेतली. निवेदक बाई की पुरुष हे लेखिकेने शेवटपर्यंत झाकलेलं होतं, सगळी गंमत त्यातच होती. इंग्रजीत ‘आय’ म्हणून सुटता येतं. मराठीत पहिल्याच वाक्याला ‘मी आले’ की ‘मी आलो’? मग मी अकर्मक क्रियापदं टाळायला लागले. ‘मी दार उघडलं’ यात कर्ता कळत नाही, क्रियापद दाराच्या मागे जातं. ‘मी तिला पाहिलं’ यातही कळत नाही. ‘मी येईन’ चालतं, ‘मी येते’ चालत नाही. ‘आम्ही गेलो’ तर दोन्हीकडे सारखंच. वीस पानं अशी रेटली. निवेदक सारखा काहीतरी उघडतोय, उचलतोय, बघतोय, पण कधी बसत नाही, हसत नाही, झोपत नाही. सोडून दिली कथा.

आणि एक आठवण. माझी आजी जन्मभर ‘मी आलो’, ‘मी जेवलो’ म्हणायची. तिच्या भागात सगळ्याच बायका तसं बोलत. शाळेत मी तसं लिहिलं तर बाईंनी लाल शाईने ‘आले’ केलं. घरी येऊन आजीला दाखवलं. ती म्हणाली, “मग मी काय चुकून आलो होय?”

जुना वाचक:
आजींचं वाक्य जपून ठेवा. माझी मावशीही असंच बोलायची, आणि तिच्याइतकी बाईमाणूस मी पाहिली नाही. व्याकरणातलं लिंग आणि माणसाचं बाईपण यांचा संबंध आपण समजतो तितका घट्ट नाही.

यावरून ‘नवरा’ आठवला. नवरा म्हणजे नवा वर. त्याची जोडी ‘नवरी’. दोन्ही शब्द एका मापाचे. पण नवरी लग्नाच्या दिवसापुरती नवरी असते, दुसऱ्या दिवसापासून ती बायको. नवरा मात्र म्हातारा झाला तरी नवराच. दोन पुरुषांच्या कथेत ‘माझा नवरा’ दोघंही म्हणू शकतात आणि काही बिघडत नाही. दोन बायकांच्या कथेत पंचाईत आहे. “त्या दोघी बायका आहेत” याचा अर्थ काय घ्याल?

मुद्रितशोधक:
‘दोघी’ शब्द आलाच आहे तर एक गोष्ट कुणी कशी बोललं नाही याचं आश्चर्य वाटतं. या कथांच्या मोठ्या संग्रहस्थळावर, ‘आर्काइव्ह ऑफ अवर ओन’वर, वर्गवारी असते: पुरुष-पुरुष, स्त्री-स्त्री, स्त्री-पुरुष. त्यांना दोन अक्षरं आणि रेघ लागते. मराठीत नुसत्या संख्येत ते आहे. दोघे, दोघी, दोघं. ‘दोघे’ म्हणजे दोन पुरुष, ‘दोघी’ म्हणजे दोन बायका, ‘दोघं’ म्हणजे एक बाई एक पुरुष. इतका नेमका शब्द हातात असताना आपण ‘समलिंगी’ आणि ‘भिन्नलिंगी’ कशाला म्हणत बसलो आहोत?

आणि म्हणून तक्रार: रात्रपाळी यांनी वर “दोघंही पुरुष असले की” लिहिलं आहे. तिथे ‘दोघेही’ हवं.

रात्रपाळी:
मी बोलते तसं लिहिते. माझ्या घरी दोन भावांनाही ‘दोघं’च म्हणतात. जुना वाचक यांनीही “दोघंही म्हणू शकतात” लिहिलंय, त्यांना सोडलंत?

कोशवेडा:
मुद्रितशोधक, मुद्दा सुंदर, पण अर्धा. प्रमाण लेखनात ‘दोघं’ हे रूपच नाही. ‘ते दोघे आले’ आणि ‘ती दोघे आली’. फरक सर्वनामात आणि क्रियापदात. पूर्वी नपुंसकलिंगी ‘दोघें’वर अनुस्वार असायचा, तेव्हा एकट्या शब्दातही फरक दिसत होता. १९६२ च्या शुद्धलेखनाच्या नियमांनी व्युत्पत्तीचे अनुस्वार गेले आणि ‘दोघे’, ‘दोघें’ कागदावर एक झाले. मी तेव्हापासून, म्हणजे शाळेत शिकलो तेव्हापासून, हे नुकसान मानतो.

मुद्रितशोधक:
पात्राच्या तोंडी बोलरूप असेल तर ‘असं’, ‘घरं’ लिहायला नियमाचीच मुभा आहे. ‘दोघं’ त्यातच बसतं. म्हणजे फरक अजून जिवंत आहे, फक्त बोलण्यात.

कोशवेडा:
पण अनुवादातल्या निवेदनात नाही.

तिरकी रेघ:
दोघे-दोघी-दोघं माझ्या डोक्यात कधीच आलं नव्हतं. प्रस्तावनेतला ‘समलिंगी जोडी’ हा शब्द काढून आज “ही दोघांची कथा” असं करायला गेले आणि लगेच अडकले. ‘दोघांची’ झालं की ‘दोघे’ आणि ‘दोघं’ पुन्हा एक. ‘दोघींची’ तेवढं वेगळं राहतं.

जुना वाचक, तुमचं ‘उलट काय येतं’ मला पटलं. अकराव्या भागात मी हाक आणि सर्वनाम दोन्ही काढून टाकली. प्रमुख खडे काढताना विचारतो, “दुखतंय?” नकाशेवाला म्हणतो, “चालेल.” नंतर, “कंदील जवळ घ्यायचा का?” “नको, दिसतंय.” पानभर संवाद ‘तू’ आणि ‘तुम्ही’शिवाय निभावला, आणि मला तो मूळ इंग्रजीपेक्षा जवळचा वाटतो, कारण दोघेही तो शब्द टाळताहेत हे मराठी वाचकाला ऐकू येईल.

पण बाराव्या भागाची सुरुवात भांडणाने आहे. नकाशेवाला ओरडतो, “यू लेफ्ट मी देअर.” तिथे काही टाळता येत नाही. “तुम्ही मला तिथे सोडून गेलात” लिहिलं तर पुन्हा रुसलेली बायको दिसते. “तू मला तिथे सोडून गेलास” लिहिलं तर पहिला ‘तू’ रागातून येतो, आणि तो प्रेमातून यावा असं मला फार वाटत होतं. भाग सोमवारी द्यायचा आहे. यावर कुणी सांगेल का?

मुद्रितशोधक:
“दोघेही तो शब्द टाळताहेत”: इथे ‘दोघेही’ अगदी बरोबर वापरलंत. आता प्रस्तावनेत “हे दोघे” असं प्रथमेत घेता आलं तर बघा, ‘दोघांची’ची अडचण राहणार नाही.

कोशवेडा:
‘हे दोघे’ आणि ‘ही दोघे’. सर्वनामच लागलं ना शेवटी.