नवी बॅटरी घेण्याआधी अर्थिंग बघा

बॅटरी सारखी उतरत असेल तर सल्ला मिळतो की गाडी चालू असताना बॅटरीवर 13.8 ते 14.4 व्होल्ट दिसले नाहीत तर अल्टरनेटर (इंजिनवर फिरून बॅटरी चार्ज करणारा जनरेटर) गेला समजा. बऱ्याचदा खरं असतं, पण माझ्या जुन्या पेट्रोल गाडीला अल्टरनेटर ठणठणीत होता आणि तरी सकाळी चावी फिरवली की नुसतं कट् कट्, गाडी सुरूच होईना. दोन बॅटऱ्या बदलून झाल्या, मेकॅनिक अल्टरनेटर उतरवायलाच निघाला होता. शेवटी मीच मीटर घेऊन बसलो तर अल्टरनेटरच्या टर्मिनलवर त्याच्याच बॉडीशी 14.3 आणि बॅटरीवर 12.4, मग मधले जवळजवळ दोन व्होल्ट गेले कुठे?

गाडी चालू ठेवून, हेडलाइट-ब्लोअर लावून मीटरची एक पिन इंजिन ब्लॉकवर आणि दुसरी बॅटरीच्या मायनसवर टेकवा. 0.2 व्होल्टच्या आत हवं, माझ्याकडे 1.6 आलं! गिअरबॉक्सवरून गाडीच्या बॉडीला येणारी अर्थिंगची पट्टी (इंजिनला बॉडीमार्फत बॅटरीच्या मायनसशी जोडणारी) बोल्टपाशी हिरवी पडून भुगा झाली होती (पावसाळ्याची कृपा). जंपस्टार्टला काळा चिमटा बॅटरीऐवजी इंजिनला लावला की लगेच स्टार्ट व्हायची, तेव्हाच ट्यूब पेटायला हवी होती खरं तर. पॉलिश पेपर मारून नवी पट्टी टाकली, तीच बॅटरी अजून चालतेय.